बॅकअप कशावर घ्यावा? (चाळ रिकामी करताना सापडलेल्या १८६ चकत्यांच्या निमित्ताने)

गॅलरीतला_स्टूल | ७ जून, रात्री ११:१०

मंडळी, आमची गिरगावातली चाळ एकदाची पुनर्विकासाला गेली. तीन वर्षं (बिल्डरच्या तीन, म्हणजे आपल्या किती ते देव जाणे) भाड्याच्या घरात काढायची आहेत. माळा रिकामा करताना वेफर्सच्या दोन पत्र्याच्या डब्यांत सीडी आणि डीव्हीडी सापडल्या. १९९९ ते २०११ या काळात मीच हौसेने लिहिलेल्या. मोजून १८६.

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की एकेक चकती लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घालतोय. हिशोब असा: १४१ पूर्ण वाचल्या गेल्या, २८ अर्ध्यामुर्ध्या आणि १७ अजिबात नाहीत. त्या १७ मध्ये तीन छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडी आहेत, २००६ च्या गणेशोत्सवातल्या. मेव्हण्याच्या हँडीकॅमवर आमच्या चाळीची एकांकिका उतरवली होती. मला सगळ्यात जास्त त्याच हव्या आहेत, कारण ते पटांगण आता पत्र्याच्या कुंपणामागे गेलंय. बाबा दर वर्षी विंगेत असायचे, त्यामुळे उत्सवाच्या एकाही फोटोत ते नाहीत, हे अल्बम चाळताना आत्ता लक्षात आलं.

असो. प्रश्न साधा आहे. सगळं मिळून साधारण सव्वा टीबी माल आहे: फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, नाटकांची चित्रीकरणं. आता हे कशावर ठेवू, म्हणजे आणखी वीस वर्षांनी माझ्या मुलीला रात्री जेवण झाल्यावर असले उद्योग करावे लागणार नाहीत? हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, क्लाउड, की परत डीव्हीडीच? बजेट पंधरा हजारांपर्यंत.

खवट_खोबरं | ७ जून, ११:१८

ताम्रपट. हजार वर्षांची गॅरंटी, ड्रायव्हर लागत नाही.

दोन_नंबरचा_जावई | ७ जून, ११:२५

सव्वा टीबीचा ताम्रपट ठेवायला नवीन इमारतीत पार्किंगसकट तीन मजले मागून घ्या.

दुपारची_कसारा | ८ जून, सकाळी ७:५०

(लोकलमधून लिहितोय, चुकभूल द्यावीघ्यावी.)

स्टूलभाऊ, आधी त्या न वाचल्या गेलेल्या चकत्या फेकू नका. एका ड्राइव्हने नाही वाचली म्हणजे मेली असं नसतं. लॅपटॉपबरोबरचे सडपातळ ड्राइव्ह या बाबतीत अगदी नाजूक प्रकृतीचे. जुन्या डेस्कटॉपमधला धष्टपुष्ट ड्राइव्ह पुष्कळदा तीच चकती मुकाट वाचतो.

आणि त्या ८ सेंटिमीटरवाल्यांबद्दल मला वेगळाच संशय आहे. हँडीकॅमवर चित्रीकरण संपल्यावर चकती 'फायनलाइज' करावी लागायची. ते केलं नाही तर ती फक्त त्याच कॅमेऱ्यात दिसते, बाकी कुठेही घातली तर कोरी किंवा खराब. निम्म्या लोकांनी ते कधीच केलं नाही, कारण त्यात वेळ जायचा आणि बॅटरी उतरायची. आयसोबस्टर नावाचा प्रोग्राम अशा चकत्यांतून चित्रीकरण बाहेर काढतो. तेव्हा चकती खराब नसून अर्धवट सोडलेली असण्याची शक्यता आहे.

एक विनंती: खाचेतून चकती आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये (जुने मॅक, गाडीतले प्लेअर) ती छोटी चकती चुकूनही घालू नका. आत जाईल, बाहेर यायची नाही.

गॅलरीतला_स्टूल | ८ जून, ९:०५

फायनलाइज! मेव्हण्याला विचारलं. म्हणाला, "तो काय प्रकार असतो?"

मिनूची_आई | ८ जून, ११:४०

एवढा विचार कशाला? फोटो क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. आमचे सगळे तिथेच आहेत. फोन हरवला तरी दुसऱ्या दिवशी सगळं परत.

वेगळाच_गोंधळ | ८ जून, दुपारी १:१५

मी तर म्हणेन एसएसडी घ्या. हलणारा भाग नाही, पडली तरी काही होत नाही, वेग दणदणीत. हार्ड डिस्क म्हणजे आत तबकड्या गरगर फिरताहेत आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून हेड तरंगतंय. धुराचा कण त्या फटीपेक्षा मोठा. असली कसरत कपाटात ठेवून वीस वर्षं झोप लागेल का?

टेपवाला | ८ जून, २:०२

@वेगळाच_गोंधळ, कसरत डिस्क चालू असताना. कपाटात ती तबकडी गप्प पडून असते आणि तिच्यावरचं चुंबकीय लिखाण सहजासहजी पुसलं जात नाही. एसएसडीचं उलट. तिच्यात माहिती म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. वीज नसेल तर तो हळूहळू झिरपतो, आणि जागा गरम असेल तर जास्त झिरपतो. मे महिन्यात मुंबईतला स्लॅबखालचा माळा आठवा. रोजच्या कामाला एसएसडीसारखं सुख नाही, पण लिहून कपाटात टाकायला ती चीज नव्हे.

वेगळाच_गोंधळ | ८ जून, २:३०

हे "एसएसडी एका वर्षात रिकामी होते" प्रकरण फॉरवर्डमधून आलंय का?

टेपवाला | ८ जून, ३:१०

एका वर्षात रिकामी होते असं मी म्हणालो नाही. तो आकडा जेडेक या संस्थेच्या मानकातून आलाय, पण लोक अर्धाच सांगतात. मानक असं: घरगुती वापराच्या एसएसडीवर कंपनीने ठरवून दिलेलं आयुष्यभराचं सगळं लिखाण करून झालं, म्हणजे ती पार झिजली, की त्यानंतरही बिनविजेची ३० अंशांवर १ वर्ष तिने माहिती टिकवली पाहिजे. नवी कोरी एसएसडी त्याच्या कितीतरी पट टिकते. तरी माझा मुद्दा राहतोच. हार्ड डिस्क मरताना बहुधा कण्हते, टकटक करते, संगणकाला अडखळायला लावते. एसएसडी अनेकदा काल होती, आज नाही. त्या अवस्थेतून माहिती काढणं फार अवघड.

वेगळाच_गोंधळ | ८ जून, ३:२२

बरं, हे मान्य. (पण मी माझी एसएसडी सहा महिन्यांनी जोडतो हं, एवढा काही मी हा नाही.)

रविवारचा_बाजार | ८ जून, रात्री ९:४०

पेन ड्राइव्हचं नाव कोणी काढलं? या, बसा, माझी कहाणी ऐका.

फुटपाथवर एकाकडून २ टीबीचा पेन ड्राइव्ह घेतला. ७०० रुपये. हो, मी शिकलेला आहे. हो, इंजिनिअरही आहे. संगणकाला जोडला तर खरंच २ टीबी दाखवत होता. लग्नाचा व्हिडिओ, मुलाच्या बारशाचा, सगळं भरलं. नावं दिसतात, आकार दिसतो, उघडायला गेलं की काही नाही. मग शोध लागला की आत ३२ जीबीची चिप आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं. ३२ जीबी भरले की पुढचं लिखाण आधीच्याच डोक्यावर लिहीत सुटते किंवा हवेत सोडून देते, आणि संगणकाला मात्र सांगते "झालं हं, ठेवलं".

बायकोला अजून सांगितलेलं नाही. मूळ कॅसेट शाबूत आहे म्हणून जिवंत आहे. तेव्हापासून कुठलंही नवीन कार्ड, पेन ड्राइव्ह आणलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू चालवतो (लिनक्सवाल्यांसाठी एफ३). तो अख्खी जागा भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. रात्रभर लागते, लागू दे.

खवट_खोबरं | ८ जून, ९:४४

"झालं हं, ठेवलं." आमच्याकडे कामाला असलेला मुलगा हेच म्हणायचा.

निशिगंधा७२ | ९ जून, सकाळी १०:२०

मी तांत्रिक बाई नाही, पण २६ जुलै २००५ ला आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला, तो जणू सगळा आमच्याच हॉलमध्ये. रात्री कमरेच्या वर पाणी. संगणक टेबलाखाली होता, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकदम गेल्या. यजमान मोठ्या अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे दोन प्रती आहेत म्हणून!

गंमत पुढे आहे. त्याच खणात वीसेक सीडी होत्या. चिखलाने माखलेल्या, कागदी पाकिटांचा लगदा झालेला. सासूबाई म्हणाल्या, टाकून काय द्यायच्या, धुऊन बघू. बादलीत साध्या पाण्याने धुतल्या, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसल्या, सावलीत वाळवल्या. दोन सोडून सगळ्या चालल्या. हार्ड डिस्क मात्र लॅमिंग्टन रोडपर्यंत नेली. तिथल्या माणसाने आकडा सांगितला आणि आम्ही तीच पिशवी घेऊन परत आलो.

म्हणून सीडीला अगदीच नावं ठेवू नका.

दुपारची_कसारा | ९ जून, १०:५५

निशिगंधाताई, _/\_. बादलीतला बॅकअप पहिल्यांदाच ऐकला.

सीडीत माहिती असते ती खालच्या चकचकीत बाजूला, अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात ती वरच्या, नाव लिहितो त्या बाजूच्या वार्निशाखाली असते. खालून ओरखडा गेला तर एकवेळ चालतं, वरून गेला तर थेट माहितीच खरवडली जाते. डीव्हीडीत तोच थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरच्या ओरखड्यांना भीत नाही. स्टूलभाऊ, तुमच्या १७ पैकी किती सीडींवर स्टिकर चिकटवलेत ते बघा बरं.

गॅलरीतला_स्टूल | ९ जून, रात्री १०:३०

मोजल्या. तीन छोट्या सोडल्या तर १४. त्यातल्या ११ वर स्टिकर! तेव्हा ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत स्टिकर छापून आणायचो, काय तोरा होता. एकाचा कोपरा ओढून पाहिला तर चांदी सोलून हातात आली.

अक्षरजुळणी | १० जून, दुपारी १२:१०

इतकी चर्चा चकती टिकण्यावर चालली आहे म्हणून जरा वेगळं रडगाणं. मी दादरला पंचवीस वर्षं डीटीपी केलं. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, सगळं. १९९८ पासूनच्या दिवाळी अंकांच्या सीडी माझ्याकडे आहेत, सोनेरी थराच्या, महागाच्या, आणि आजही एकूण एक वाचल्या जातात. त्याचा उपयोग शून्य.

फाइली पेजमेकरच्या. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, आजच्या संगणकावर ती चालवणं म्हणजे आधी जुनं विंडोज बसवा, मग प्रार्थना करा. आणि फाइल उघडली तरी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टातला. त्या काळी प्रत्येक फॉन्ट कंपनीची बाराखडी स्वतंत्र होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉन्ट नसेल तर संपादकीयाच्या जागी "ÖÖê ×¾Ö" असलं काहीतरी येतं. काही फॉन्ट तर संगणकाच्या समांतर पोर्टला लावायच्या डाँगलशिवाय (म्हणजे परवान्याच्या किल्लीशिवाय) चालायचेच नाहीत. आता डाँगल आहे, पोर्ट नाही.

मागच्या वर्षी एका लेखकाच्या मुलीला वडिलांची जुनी कथा हवी होती. सीडी होती, फाइल होती. शेवटी छापलेला अंक ग्रंथालयातून आणून परत टंकली.

म्हणून भाऊ, कशावर ठेवता याच्या इतकंच काय ठेवता ते बघा. मजकूर युनिकोडमध्ये, पानं पीडीएफमध्ये, फोटो जेपीजी. मूळ फाइल ठेवा हवी तर, पण सोबत एक साधी प्रत.

खवट_खोबरं | १० जून, १२:१६

पहिल्यांदाच विनोद न करता +१.

चष्मेवाले_काका | १० जून, दुपारी ४:००

अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद काळजाला लागला. आमच्या मंडळाची घटना अशीच अडकली आहे. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले तरी लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले. आमची घटना कोणाच्याच तोंडी नाही, अध्यक्षांच्याही.

मिनूची_आई | १० जून, ४:३५

अवांतर सुरू झालंच. पण माझ्या क्लाउडचं कोणी काही बोललंच नाही.

टेपवाला | १० जून, ५:२०

ताई, क्लाउड वाईट नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या.

पहिली: फोन आणि क्लाउड जुळवून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. माझ्या भाच्याने फोनमध्ये जागा करायला म्हणून 'सहल' नावाचं फोल्डर उडवलं. फोनमधून गेलं, क्लाउडमधून गेलं, टॅबमधून गेलं. सगळीकडे एकदम, मोठ्या शिस्तीत. कचरापेटीत महिनाभर होतं, त्याला आठवण झाली दिवाळीत.

दुसरी: खातं एका माणसाच्या नावावर असतं. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे. माणूस गेला, त्याचं सिम बंद झालं, ओटीपी येणार कुठे? सेटिंगमध्ये आपल्यानंतर खातं कोणाकडे द्यायचं ते आधी नोंदवता येतं. फारच थोडे लोक करतात.

बाकी मोठ्या कंपन्या स्वतः काय वापरतात ते ऐका. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे काही जीमेलवाल्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. गूगलने त्या परत आणल्या, कशावरून? चुंबकीय टेपवरून. आम्ही अंधेरीला पोस्ट प्रॉडक्शनमध्ये तेच करतो. एलटीओ-९ च्या एका काडतुसात १८ टीबी मावतात.

दोन_नंबरचा_जावई | १० जून, ५:३१

मग स्टूलभाऊंनी टेपच घ्यावी की! आयडीला जागताय, पण भाव सांगा.

टेपवाला | १० जून, ५:४०

काडतूस परवडेल. ते चालवायचा ड्राइव्ह काही लाखांत. शिवाय दीर्घकाळ ठेवायला २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. मुंबईत ती जुलैमध्ये फक्त एसी आणि पापडाच्या डब्यात मिळते.

तेव्हा नाही. मी स्वतः घरी टेप वापरत नाही.

मिनूची_आई | १० जून, ६:१५

ते "आपल्यानंतर" वालं सेटिंग आत्ता करून आले. मिनूचं नाव घातलं. विचित्रच वाटलं, पण केलं.

स्लो_लोकल | ११ जून, सकाळी ८:३५

एम-डिस्कबद्दल कोणी बोललं नाही. साध्या सीडी-डीव्हीडीत लेझर रंगाच्या थरावर लिहितो, आणि तो रंग सेंद्रिय असल्याने ऊन-उष्म्याने उडतो. एम-डिस्कमध्ये असेंद्रिय थरावर खड्डे पाडतात. कंपनीचा दावा हजार वर्षांचा (खवट_खोबरं यांचा ताम्रपट!). ब्लू-रेमध्ये २५ आणि १०० जीबीच्या मिळतात. साध्या ब्लू-रेतही बहुतेकांचा थर असेंद्रियच असतो, फक्त एलटीएच लिहिलेल्या टाळा, त्या सेंद्रिय.

खवट_खोबरं | ११ जून, ८:५०

हजार वर्षांनी दावा खोटा ठरला तर तक्रार कुठे करायची?

अक्षरजुळणी | ११ जून, ९:१०

चकती हजार वर्षं टिकेल हो, पण ड्राइव्ह? सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे चकत्या बनवणं बंद केलं. माझ्याकडे डाँगल आहे आणि पोर्ट नाही, तुमच्याकडे चकती असेल आणि ड्राइव्ह नसेल. घ्यायच्याच असतील तर सोबत दोन ड्राइव्ह घेऊन ठेवा.

स्लो_लोकल | ११ जून, ९:२०

रास्त. सव्वा टीबी म्हणजे २५ जीबीच्या ५० चकत्या होतात, तेही आहेच. मी फक्त अगदी निवडक माल त्यावर ठेवतो. वीसेक जीबी.

दुपारची_कसारा | ११ जून, रात्री ११:००

आता घरी बसून सविस्तर.

फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पुष्कळांना माहीत असेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. निशिगंधाताईंकडे दोन प्रती होत्या पण एका टेबलात, म्हणून त्या एकच धरायच्या.

माझा सल्ला असा की चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातल्या दोन डिस्क म्हणजे जुळी भावंडं, आजारी पडली तर बरोबरच पडतात. पोर्टेबल घेतलीत तर एवढं जाणून असा: अनेक पोर्टेबल डिस्कचा यूएसबी खाचा थेट तिच्या सर्किटवर डाकलेला असतो, तो तुटला की डिस्क उघडून दुसरीकडे जोडता येत नाही. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, पण आतली डिस्क साध्या साटा जोडणीची (संगणकात आत बसते तशी) असल्याने काढून कुठेही लावता येते.

मोठ्या डिस्कला यूपीएस मात्र हवा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, आठवतंय? मी तेव्हा घरून काम करत होतो आणि नेमका त्याच वेळी ६०० जीबी एका डिस्कवरून दुसरीवर हलवत होतो. हलवत, नक्कल करत नाही! डिस्क एक्सफॅट नावाच्या फाइल-मांडणीत होती, जिच्यात अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंदवही नसते. एनटीएफएसमध्ये असते. चार दिवस गेले सगळं सावरायला. तेव्हापासून कट-पेस्ट हा शब्द मी फाइलींसाठी वापरत नाही.

आणि शेवटचं. फाइलींची यादी करून प्रत्येकीचा हॅश, म्हणजे गणिती ठसा काढून ठेवा. वर्षातून दोनदा डिस्क जोडली की प्रोग्रामला ताडायला सांगा. माझ्या एका मित्राचे शंभरेक फोटो मूळ डिस्कवरच बिघडले होते, आणि त्याच्या बॅकअपने पाच वर्षं ते बिघडलेले फोटोच इमानेइतबारे जपले.

दोन_नंबरचा_जावई | ११ जून, ११:२०

घराबाहेरच्या प्रतीसाठी सासर! मी सासऱ्यांच्या लॉकरमध्ये डिस्क ठेवली आहे. दर दिवाळीला जातो, डिस्क बदलतो, जेवून येतो. सासूबाईंना वाटतं जावई फार मायाळू.

गॅलरीतला_स्टूल | १२ जून, सकाळी ९:००

कल्पना उत्तम. माझं सासर चिपळूणला.

निशिगंधा७२ | १२ जून, ९:०४

नको!

चष्मेवाले_काका | १२ जून, ९:०६

चिपळूण? जुलै २०२१ विसरलात होय?

गॅलरीतला_स्टूल | १२ जून, ९:१५

दुसरा मजला आहे हो, आणि डोंगराच्या बाजूला. पण तुम्हा दोघांचं उत्तर इतक्या तातडीने आलं की बहिणीकडे पुण्याला ठेवतो.

संपादक | १२ जून, ११:३०

एका सदस्याने इथे हार्ड डिस्क विक्रीची जाहिरात टाकली होती, ती उडवली आहे. कृपया जाहिराती नकोत.

खवट_खोबरं | १२ जून, ११:३३

तिचा बॅकअप असेलच.

दुपारची_कसारा | १२ जून, दुपारी १:००

स्टूलभाऊ, माझ्याकडे २००८ चा डेस्कटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे, यूएसबीला जोडायच्या केबलसकट. चिवट आहे. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दादरला मधल्या पुलावर देतो.

गॅलरीतला_स्टूल | ५ जुलै, रात्री १२:४०

उशीर झाला लिहायला. सामान हलवलं, पहिला पाऊस नव्या (भाड्याच्या) घरात गळला, नेहमीचंच.

आधी हिशोब देतो. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, दोन कंपन्यांच्या, दोन दुकानांतून. दोन्हींवर सगळं आहे, हॅशची यादीही. एक पुण्याला बहिणीच्या कपाटात गेली. निवडक १८० जीबी क्लाउडवर चढवले. आमच्या ४० एमबीपीएसच्या वेगाने सगळा सव्वा टीबी चढवायचा तर अखंड तीन दिवस-रात्र लागले असते, आणि पुढचं भाडं दर महिन्याचं. म्हणून निवडकच. एम-डिस्कचा विचार सध्या बाजूला. नावं वगैरे अक्षरजुळणी यांनी सांगितल्याप्रमाणे युनिकोडमध्ये केली. मोडीतल्या दोन दस्तांचे स्कॅन पीडीएफ केले, वाचता येत नाहीत ती गोष्ट वेगळी. बजेट ओलांडलं, किती ते विचारू नका, बायको इथे वाचते.

स्टिकरवाल्या ११ सीडी गेल्या त्या गेल्याच. उरलेल्या तीनपैकी दोन कसाराभाऊंच्या ड्राइव्हने पहिल्या फटक्यात वाचल्या.

आता त्या छोट्या तीन. संशय बरोबर होता, एकही फायनलाइज केलेली नव्हती. ड्राइव्ह आणि आयसोबस्टर जोडीने दोन चकत्या उलगडल्या. एका चकतीवर अर्धा तास मावतो. पहिलीवर आरती आणि लहान मुलांची लिंबू-चमचा. दुसरीवर एकांकिका, पण मेव्हण्याने कॅमेरा स्टेजच्या उजव्या विंगेला टेकवून ठेवला होता. त्यामुळे नायक अर्धा दिसतो, नायिका दिसतच नाही, आणि मागे दुसऱ्या मजल्याची गॅलरी पूर्ण दिसते. वाळत घातलेल्या गोधडीसकट.

आणि विंग म्हणजे प्रॉम्प्टर. बाबांचा आवाज कॅमेऱ्याला चिकटून आलाय. अख्खी एकांकिका त्यांच्याच तोंडून ऐकू येते, नायकाच्या आधी अर्धा सेकंद. एका ठिकाणी नायक गप्पच होतो, तेव्हा बाबा तीनदा वाक्य देतात आणि मग वैतागून, "अरे म्हण ना, गाढवा." प्रेक्षक हसतात. तो गाढव म्हणजे मी.

अक्षरजुळणी | ५ जुलै, सकाळी ६:५०

दोनदा वाचलं.

मिनूची_आई | ५ जुलै, ८:१०

किती छान! तिसरी चकती?

गॅलरीतला_स्टूल | ५ जुलै, ९:३०

तिसरी काल रात्री घातली आणि कसाराभाऊंच्या ड्राइव्हचा ट्रे उघडेनासा झाला. चकती आतच आहे. भाऊ, लाजेने लिहितोय.

दुपारची_कसारा | ५ जुलै, ९:४२

लाजू नका, तो त्याचा जुना आजार आहे, सांगायचं राहिलं. पुढच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसेल. वीज काढा, कागदाची यू-पिन सरळ करून आत दाबा, ट्रे बोटभर बाहेर येतो. मग हळूच हाताने ओढा.

गॅलरीतला_स्टूल | ५ जुलै, ९:४५

यू-पिना कुठल्याशा खोक्यात आहेत. साडीची पिन चालेल?

दुपारची_कसारा | ५ जुलै, ९:४७

चालेल. आधी वीज काढा.